डंकन, पर्किन्स आणि मालवणचे नारळ

श्रावणात मालवणला कुणी हौसेने जात नाही. आगबोटी पावसाळाभर बंद असतात, घाटातला रस्ता कुठे दरडीखाली जाईल सांगता येत नाही, आणि मासे खायला म्हणून जावं तर होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली झाकलेल्या. एकसष्ट साली मी गेले ती माझ्या धाकट्या भावाने, विनूने, बोलावलं म्हणून. तो तिथे सरकारी मत्स्य खात्यात होता. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, आणि नेमके त्याच वेळी होडीला इंजिन बसवून दाखवायला दोन साहेब त्याच्या घरी उतरले होते. एक आराखडा काढणारा, दुसरा तो प्रत्यक्षात बसवणारा. स्वयंपाकाला बाई मिळाली होती, पण साहेबांचं बोलणं होडीवाल्यांना आणि होडीवाल्यांचं साहेबांना समजावणारं कुणी नव्हतं. विनूचं इंग्रजी कागदावर चांगलं, तोंडात अडखळणारं. मी कोल्हापूरला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. शिल्लक रजा टाकली, घरी दोघा पुरुषांना आमटी-भात शिकवला आणि निघाले.

फोंडाघाट उतरून

घाटाचं वर्णन मी करणार नाही. धुकं होतं, काही दिसलं नाही. खाली फोंड्याला बस थांबली, तिथे चहा घेताना शेजारच्या बाईने चौकशी केली.

"कोल्लापूरसून इलास? म्हंजे घाटावरची."

"हो. आणि तुम्ही रत्नागिरीच्या." नकाशात जिल्हा तोच, म्हणून मी सहज म्हणाले.

बाईने कप खाली ठेवला. "रत्नागिरी? ती खंय नि आमी खंय! जिल्लो असांदे तेंचो. आमी मालवणी."

पुढे कसालपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मी हे विसरूनही गेले असते, पण पुढच्या पंधरवड्यात मला याच विषयाची शिकवणी लागायची होती.

खारवाडी

होडी बाबली तांडेलाची होती. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. बाबली पन्नाशीचा, काटक, थोडा बहिरा. मालवण बंदरापासून अर्ध्या तासावर खारवाडी, तिथे माडांखाली झापांचा मांडव घालून होडी ठेवलेली. इंजिन घ्यायला सगळ्या किनाऱ्यावर हा एकटाच पुढे आला होता. त्यासाठी त्याने होडीचं शीड उतरवलं होतं, डोलकाठी काढली होती आणि मागच्या बाजूला पंख्याचा दांडा बाहेर काढायला भोक पाडलं होतं. नारळी पौर्णिमा झाली की दर्या उघडतो. तोवर इंजिन चालू झालं नाही, तर होडीत ना शीड ना इंजिन, आणि बाबलीसह पाच घरांचा हंगाम बसून जाणार.

हे मला त्याची बायको जनी हिने पहिल्याच दिवशी ऐकवलं, आणि ते नवऱ्याच्या बऱ्या कानाला ऐकू जाईल अशा बेताने. "होडी फोडून ठेवल्यान. शीड काढून टाकल्यान. आता इंजान चललां नाय तर ह्यो तिच्यात काय कोंबड्यो पाळतलो?"

"गप गो," बाबली म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "बाय, ह्ये सायब काय सांगतत तां माका धड कळणा नाय. तू इलंस, बरां झालां."

ओढ्यापलीकडे भाटवाडी. तिथला गणो तांडेल रोज संध्याकाळी टोपी मागे सारून गंमत बघायला यायचा. "रे बाबल्या, दर्यात सडक नाय हां! मोटार खंयच्या रस्त्यान नेतलंस?"

भाटवाडीचे आणि खारवाडीचे लोक एकाच जातीचे, एकाच देवाचे, दोन्हींकडे एकमेकांच्या लेकी दिलेल्या. पण रांपणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्यांची चढाओढ, शिमग्यातली चढाओढ, देवळात आधी कोणाच्या हातावर प्रसाद, यावरून पिढ्यानपिढ्या तोंडं वाकडी. मला नवल वाटलं नाही. आमच्या कोल्हापुरात पेठा-पेठांच्या तालमींचे फुटबॉलचे सामने असतात. सामना हरलेल्या पेठेत त्या दिवशी चूल उशिरा पेटते.

आता साहेब. पर्किन्स इंग्लंडचा. उंच, गोरापान, मनमिळाऊ, सगळ्यांशी हसून बोलणारा. होडीची मापं घेणं, इंजिन कुठे आणि किती तिरकं बसवायचं हे ठरवणं त्याचं काम. डंकन स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका मासेमारीच्या गावचा. बुटका, रुंद, कमी बोलणारा. इंजिनाखालची लाकडी बैठक करून घेणं, इंजिन बसवणं, बोल्ट पिळणं हे त्याचं. सुताराबरोबर तो दिवसभर लाकडाच्या भुशात बसायचा आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नसून काम बरोबर व्हायचं.

दोघांत काहीतरी खुपतं आहे हे मला पहिल्या सकाळी पेजेवरून कळलं. आमच्या स्वयंपाकीणबाईंनी उकड्या तांदळाची पेज केली होती. डंकनने वाटी पाहिली, मीठ मागितलं, टाकलं, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. "आमच्याकडे ओटची करतात. हीच," तो म्हणाला. देश सोडल्यापासून त्याला पहिल्यांदा पोटभर न्याहारी मिळाली असावी. पर्किन्सने पेजेत दोन चमचे साखर घातली. डंकनने मान दुसरीकडे वळवली. एखाद्याने आपल्यासमोर वरणात साखर कालवावी तसा चेहरा.

"आम्ही इंग्रज गोडखाऊ," पर्किन्स माझ्याकडे पाहून हसला आणि त्याने डंकनच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी इंग्रज नाही," डंकन म्हणाला.

"हो, हो. तेच ते."

हा संवाद मी नंतर इतक्या वेळा ऐकला की पाठ झाला.

पावसाने काम बंद पडलं त्या दुपारी विनूच्या ओसरीवर बसून मी डंकनला सरळ विचारलं की एवढं वाईट का वाटतं. त्याने पाइप पेटवायला बराच वेळ घेतला. दर वर्षी त्यांच्या दोन देशांचा फुटबॉलचा सामना होतो. एक वर्ष स्कॉटलंडमध्ये, एक वर्ष लंडनला. त्याचे वडील बोटींच्या कारखान्यात कामाला. लंडनची पाळी आली की ते आणि त्यांचे सोबती दोन वर्षं चहाच्या डब्यात पैसे टाकून आगगाडीने जायचे. या एप्रिलात डंकन त्यांना घेऊन गेला. इंग्लंडने नऊ गोल मारले. यांचे तीन. वडील गावी उतरल्यावर म्हणाले, "आता मी जायचा नाही," आणि चहाचा डबा बायकोला दिला. तिने त्यात चहा भरला.

पर्किन्स शेजारी वर्तमानपत्र वाचत होता. त्याने मान वर केली. "हो, तो सामना! मजा आली होती म्हणे. किती गोल झाले होते? सात की आठ?"

"नऊ," डंकन म्हणाला.

मला तेव्हा समजलं की दुखणं नऊ गोलांचं नव्हतं. एकाला तो आकडा झोपेतही आठवत होता, आणि दुसऱ्याला आठवायची गरजच नव्हती.

तरी मी डंकनला ऐकवलं. "आम्हाला तुम्ही दोघे साहेबच. माझ्या आजोबांवर जो साहेब दरडावला, तो स्कॉटलंडचा की इंग्लंडचा हे त्यांनी विचारलं नव्हतं."

डंकनने विचार केला. "स्कॉटलंडचा असेल," तो म्हणाला. "आमच्याकडचे फार आले होते." प्रामाणिक माणूस. त्या दिवसापासून मला तो आवडला.

पौर्णिमा, बंदरावर

नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर सगळा गाव लोटतो. वाजतगाजत मिरवणूक येते, पूजा होते, दर्याला नारळ अर्पण करतात. बायका नव्या लुगड्यांत, केसांत अबोलीचे वळेसर. ही सगळी शोभा झाली की खरा खेळ सुरू होतो, तो म्हणजे नारळ लढवणे. आमच्या बाजूला हा प्रकार नाही, म्हणून सांगते. एकाने आपला सोललेला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला नारळ त्यावर आपटायचा. ज्याचा फुटेल तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. पुरुष खेळतात, बायका खेळतात, म्हाताऱ्या खेळतात. विकणाऱ्यांपुढे जो तो नारळ कानाशी धरून टिचक्या मारून पाहतो. आमच्याकडे मडकी घेतात तसं.

खारवाडी आणि भाटवाडीची जुनी झुंज होती. बाबलीने मोठ्या अगत्याने साहेबांना मान द्यायचं ठरवलं. टोपली पुढे ठेवली आणि ओरडला, "आज खारवाडयेच्या वतीन आमचे दोगव सायब! एक मारतलो, एक धरतलो!" त्याने एका हाताने पर्किन्सला आणि दुसऱ्या हाताने डंकनला धरून शेजारी-शेजारी उभं केलं. "इंग्रजांची जोडी!"

मी ते इंग्रजीत सांगितलं. 'इंग्रजांची' हा शब्द गाळायची अक्कल मला होती, पण गर्दीतल्या एका शाळामास्तरांनी तेवढाच मोठ्याने इंग्रजीत सांगितला आणि टाळ्या झाल्या.

डंकनने हातातला नारळ टोपलीत परत ठेवला. "मी इंग्लंडच्या बाजूने खेळत नाही."

"अरे, खेळच आहे हा," पर्किन्स म्हणाला.

याहून वाईट वाक्य त्याला शोधूनही सापडलं नसतं. डंकनचे कान लाल झाले. तो माझ्याकडे वळला. "तुमच्या भावाला सांगा, उद्याच्या बसने मी जातो. खात्याने दुसरा माणूस पाठवावा." आणि तो गर्दीतून वाट काढत धक्क्याच्या टोकाला जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"सायब खेळाच्या आदीच पळालो रे!" गणो ओरडला आणि भाटवाडीने टाळ्या पिटल्या.

बाबलीचं तोंड उतरलं. त्याला कळेना आपलं काय चुकलं. दुसरा माणूस मुंबईहून यायचा म्हणजे दिवाळी. जनी मला कोपराने ढोसत होती. "काय झालां गो बाय? तेका कोण काय बोललो?"

मी थोडक्यात सांगितलं. त्याचा देश वेगळा. शेजारी, राणी एक, पण गाव वेगळा. दर वर्षी खेळतात. यंदा हे वाईट हरले. आणि सगळं जग यांना त्यांच्यातलेच समजतं.

जनीला यात काहीच अवघड वाटलं नाही. "म्हंजे आमका कोणी भाटवाडयेचे म्हटल्यासारखां?"

"तसंच."

"मगे तेचां काय चुकलां? माका कोणी म्हटल्यान असतां तर नारळ तेच्याच टकलेर फोडलो असतंय." आणि ती नवऱ्याच्या चांगल्या कानात ओरडली, "अरे येड्या, तेंका एकमेकांसमोर उभे कर!"

बाबली घाबरला. "आणि दोगांतलो एक हरलो तर? हरलेलो उद्या होडयेक हात लावतलो?"

"आणि आता चललो तो लावतलो?"

हे पटण्यासारखं होतं. मी धक्क्याच्या टोकाला गेले आणि डंकनला म्हणाले, "जोडी मोडली. पर्किन्स तुमच्यासमोर उभा राहणार आहे. खेळता, की सामान बांधता?"

त्याने वळून पाहिलं. पर्किन्स खरंच टोपलीच्या पलीकडे उभा होता, हसत, नारळ उडवून झेलत. डंकनने कोट काढून माझ्या हातात दिला.

"मगे ह्यो दुसरो सायब आमचो!" गणोने पर्किन्सला लगेच भाटवाडीत सामील करून घेतलं.

पहिला नारळ पर्किन्सचा फुटला. तो हसला. दुसरा फुटला, तेव्हाही हसला. तिसऱ्याला त्याने बाह्या वर केल्या. मग म्हणाला की आता डंकनने धरावा आणि आपण मारणार. मारला, आणि मारणाऱ्याचाच फुटला. पाणी त्याच्या पाटलोणीवर सांडलं. भाटवाडीचे लोक त्याच्या भोवती सल्ले देत होते, "टोकार मार! टोकार!" आणि तो एक अक्षर न समजता मान हलवत होता. भाटवाडीची टोपली संपली, तेव्हा तो स्वतः विकणाऱ्याकडे गेला. मी पाहिलं, चाळिशीचा शिकलेला माणूस बायकांच्या घोळक्यात उकिडवा बसून नारळ कानाशी धरत होता. त्यातलेही फुटले. प्रत्येक फुटका नारळ डंकन जनीच्या ओटीत टाकी, आणि खारवाडी ओरडे.

शेवटी पर्किन्स घामाघूम होऊन थांबला. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "अकरा," तो मला म्हणाला. "अकरा वेळा. शक्य नाही. याचा नारळ बघा कुठला आहे तो."

फुटबॉलच्या गोलांचा आकडा न आठवणाऱ्या माणसाला हा आकडा बरोबर आठवत होता. डंकनने तो ऐकला. मग त्याने माझ्याकडून कोट घेतला आणि अंगात घातला. बसचं नाव काढलं नाही.

त्या संध्याकाळी जनीने नारळीभात आणि नारळाच्या रसातल्या तांदळाच्या शेवया, म्हणजे शिरवाळे, पाठवले, पर्किन्सच्याच नारळांचे. पोट बरं नाही म्हणून पर्किन्स जेवला नाही.

मांडवात

दुसऱ्या दिवशी बाबली मोठ्या आनंदात होता. इंजिन बैठकीवर बसलं होतं, बोल्ट पिळून झाले होते, मागे पंखा लागला होता. दोन दिवसांनी होडी पाण्यात घालायची असं ठरत होतं. पर्किन्स उशिरा आला. दोरी आणि पट्टी काढली, होडीत उतरला, बराच वेळ वाकून मापं घेतली, आणि वर येऊन म्हणाला, "बैठक चुकली आहे. इंजिन एका बाजूला झुकलं आहे. सगळं उतरवावं लागेल."

मी भाषांतर केलं. बाबली इंजिनाकडे बघायला होडीवर वाकला.

"किती चुकली आहे?" डंकनने विचारलं.

पर्किन्सने करंगळीच्या नखाची कड दाखवली, तेवढीच.

"कालपर्यंत बरोबर होती," डंकन म्हणाला. "काल तू हरलास."

"याचा त्याच्याशी काही संबंध नाही."

"नाही?"

खरं सांगायचं तर मलाही संबंध वाटला. कानाशी नारळ धरून बसलेला तो माणूस माझ्या डोळ्यांसमोरून गेला नव्हता. बाबलीने मला विचारलं, "बाय, खरां कोण बोलता?" आणि मी म्हणाले, "मला माहीत नाही." विनूने कागद पाहिले, त्यालाही कळलं नाही. सुतार म्हणाला, मी सायबान सांगल्याप्रमाणां केलंय, आणि विडी ओढायला निघून गेला.

जनी होडीच्या कडेवर हात आपटून म्हणाली, "ह्ये दोगव भांडतले, आणि आमची होडी हंयच कुजतली!" हे मी भाषांतर केलं नाही. तिचा आवाज दोघांनाही समजला.

पर्किन्स छत्री घेऊन विनूच्या कचेरीत निघून गेला. डंकन होडीतच बसून राहिला. दुपारी मी त्याच्यासाठी चहा आणि आंबोळ्या घेऊन गेले. पाऊस उघडला होता. तो इंजिनाच्या मागचा दांडा हाताने फिरवत होता. सावकाश, एक पूर्ण फेरा, मग पुन्हा.

"हात ठेवा," तो म्हणाला.

मी ठेवला. दांडा सुरळीत फिरत होता, पण प्रत्येक फेऱ्यात एका ठिकाणी थोडा रेटा द्यावा लागत होता. जात्याचा खुंटा सैल झाला की दळताना लागतं तसं. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण जातं कळतं.

"महिनाभर चालेल," डंकन म्हणाला. "मग एक दिवस खोल पाण्यात दांडा अडकून बसेल. होडीत पाच माणसं."

"म्हणजे पर्किन्स बरोबर आहे."

त्याने दांडा सोडून हात पुसले. चहा प्यायला, आंबोळ्या खाल्ल्या. मी भांडी उचलली तेव्हा म्हणाला, "अकरा नारळ. आयुष्यात एकदा. आणि दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्याला म्हणू की तू बरोबर आहेस?"

"म्हणू नका," मी म्हणाले. "मग पाच माणसं बुडतील. तुमची मर्जी." मी भांडी घेऊन निघाले. समजूत घालत बसणं मला शाळेत जमत नाही, तिथेही जमलं नाही.

संध्याकाळी त्याने सगळ्यांना मांडवात बोलावलं. बाबली, जनी, चारही खलाशी, सुतार, विनू आणि पर्किन्स. गणोही आला. डंकन होडीला टेकून उभा होता. पर्किन्स त्याच्यापासून हातभर अंतरावर. डंकनने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहून, शाळेत कविता म्हणतात तशा आवाजात तो म्हणाला, "तांडेलांना सांगा, की इंग्लंडच्या माणसाचं माप बरोबर आहे. बैठक चुकली आहे. ती माझी चूक. मी उतरवून पुन्हा बसवतो."

पर्किन्सला इंग्रजी समजत होतंच. पण ते त्याला सांगितलेलं नव्हतं, बाबलीला सांगितलेलं होतं, आणि माझं काम भाषांतराचं. मी शब्द न शब्द बाबलीला सांगितला.

"मगे खोला," बाबली म्हणाला. त्याला एवढंच हवं होतं.

पर्किन्स थोडा वेळ छत्रीच्या टोकाने वाळू टोकरत होता. मग त्यानेही माझ्याकडेच पाहून म्हटलं, "तांडेलांना सांगा, की खोलायला वेळ लागेल. बोल्ट स्कॉटिश माणसाने पिळलेले आहेत."

मी तेही सांगितलं. बाबलीला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. डंकन मात्र अवजारांच्या पेटीत काहीतरी शोधायला खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. पर्किन्सने कोट काढून खुंटीला टांगला आणि होडीत उतरून कंदील धरला.

दर्यात

होडी पाण्यात घालायच्या दिवशी एक अडचण निघाली. बाईमाणसाला पहिल्या फेरीला होडीत घेत नाहीत. पण मी नसले तर 'थांबव' आणि 'वळव' कोण सांगणार? खलाशी कुजबुजले. जनीने निकाल दिला, "घे तिका. ती बायल न्हय, मास्तरीण आसा." ही स्तुती समजून मी चढले.

ओंडक्यांवरून होडी ढकलली, लाट आली, आणि डंकनने इंजिनाचं चाक फिरवलं. इंजिनाने दोन आचके दिले, धूर सोडला आणि धडधडू लागलं. बाबली सुकाणूला होता. त्याच्या तोंडावर मला आनंद दिसला नाही, नुसता कान टवकारलेला दिसला, तोही बरा कान. किनाऱ्यावर जनी आणि सगळी वाडी उभी होती. होडी लाटांना तोंड देत पुढे निघाली, दांडा गुळगुळीत फिरत राहिला, आणि मी कडेला वाकून सकाळची पेज दर्याला अर्पण केली. ते झाल्यावर बरं वाटलं.

वारा पडला होता. समुद्रातल्या किल्ल्याच्या अलीकडे भाटवाडीची एक होडी शीड लोंबवून उभी होती. गणो काठावर पाय सोडून बसला होता.

"रे बाबल्या, तुझी होडी खोकता! सुंठ दी तिका!"

"तुझां शीड निजलां, तेका आदी उठय!"

आमच्या खलाशांनी आरोळी ठोकली, त्यांच्याकडून शिव्या आल्या. त्या मी कुणालाही भाषांतर करून सांगितल्या नाहीत. बाबलीने होडी मुद्दाम त्यांच्या अंगावरून नेली. लाटेने त्यांची होडी डुलली.

"कोण आहेत ते?" पर्किन्सने विचारलं. तो पुढे बसून दोरी गुंडाळत होता.

"भाटवाडीचे," मी म्हणाले. "त्या दिवशी तुमच्या बाजूला होते ते."

"यांच्याच गावचे?"

"वाडी वेगळी. मधे ओढा आहे."

पर्किन्सने मागे वळून त्या होडीकडे पाहिलं, मग आमच्या खलाशांकडे. तीच काळी अंगं, त्याच टोप्या, त्याच शिव्या. "पण तसे सगळे एकच लोक ना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण इंजिनावर वाकलेल्या डंकनने मान वर न करता माझ्याआधी सांगितलं, "नाही."

बाबलीला दोघांच्या सुरावरून काहीतरी चाललं आहे हे कळलं. "काय इचारता ह्यो?"

मी सांगितलं.

बाबली दर्यात थुंकला. "न्हय म्हणान सांग तेका."

"सांगितलं," मी म्हणाले. "डंकनने."